परिवहन आयुक्तांना खुले पत्र: वाऱ्याचा हिशेब रस्ता बघून मांडा

प्रति,
माननीय परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मालट्रकवर बसवल्या जाणाऱ्या डिफ्लेक्टर, स्पॉयलर आणि साइड स्कर्ट यांची अधिकृत चाचणी आणि त्याबाबतचे स्पष्ट नियम

महोदय,


मी बोरघाटाच्या पायथ्याशी ट्रकच्या बॉडीचं काम करणारा कारागीर आहे. राहायला ठाकुरवाडीत, कामाला खोपोलीच्या बाजूला. हौदा बांधणं, फाळके बदलणं, टपावर कॅरियर चढवणं, ठोकरलेली केबिन सरळ करणं हे माझं रोजचं काम. अलीकडे गिऱ्हाईक एक जोडप्रश्न घेऊन येतं. टपावर फायबरचा डिफ्लेक्टर बसवला तर अ‍ॅव्हरेज किती वाढेल, आणि घाटात गाडी स्थिर राहील का? विकणारे या दोन्ही प्रश्नांना एकाच दमात ‘हो’ म्हणतात. कर्जावर घेतलेल्या एका ट्रकवर ज्याचं घर चालतं, असा माणूस त्या ‘हो’वर विश्वास ठेवून पैसे मोजतो.

माझं उत्तर वेगळं आहे. डिझेल वाचतं, पण कुठल्या रस्त्यावर, किती वेगात आणि मागे कसली बॉडी आहे यावर. स्थिरतेचा दावा मात्र जवळजवळ पोकळ आहे, आणि घाटात तो जिवावर बेतू शकतो. हे दोन्ही प्रश्न तोडून वेगळे करणं, मोजून त्यांची उत्तरं देणं आणि ती मराठीत छापून आरटीओच्या भिंतीवर लावणं, हे काम आपल्या खात्यानं करावं म्हणून हे पत्र.

हिशेब किलोत मांडतो, कारण गॅरेजात तोच कळतो. एकूण वजन ४० टन असलेला, मागे उंच बंद बॉडीचा ट्रेलर धरा. समोरून वाऱ्याला अडवणारं क्षेत्रफळ साधारण ९ चौरस मीटर. असा ट्रक सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरनं चालला की वारा त्याला सुमारे १९० किलोच्या जोरानं मागे रेटतो. टायर रस्त्यावर घरंगळताना जो विरोध होतो, तो साधारण २८० किलोचा. म्हणजे इंजिन जेवढा जोर लावतं, त्यातला ४० टक्के निव्वळ हवा कापण्यात जातो. आता हाच ट्रक ताशी ४० नं चालवा. वेग निम्मा झाला की वाऱ्याचा जोर निम्मा होत नाही, पाव होतो. १९० चे ४८ किलो उरतात. टायरचे २८० तसेच राहतात.

आता तो ट्रक खोपोलीहून घाटाला लावा. १०० मीटरला ५ मीटर चढ धरला तर ४० टनांचा बोजा वर ओढायला एकट्या चढाचेच २००० किलो लागतात. भरलेली गाडी तिथे ताशी ३० च्या आसपास घुरघुरत चढते, तेव्हा वाऱ्याचा विरोध असतो अवघा २७ किलो. उत्तमातल्या उत्तम डिफ्लेक्टरनं त्यातले दहा टक्के वाचवले, तर अडीच-पावणेतीन किलो वाचले. दोन हजार तीनशेमधले पावणेतीन. घाट चढताना डिझेल डिफ्लेक्टरमुळे वाचलं, असं कुणी सांगितलं तर त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

सपाटीवर मात्र तोच डिफ्लेक्टर कामाचा आहे. ताशी ८० ला वाऱ्याचा विरोध दहा टक्क्यांनी उतरला तर भरलेल्या गाडीचं डिझेल सुमारे चार टक्के वाचतं. गाडी रिकामी असेल, समजा १६ टन, तर टायरचा विरोध ११२ किलोवर येतो, वाऱ्याचे १९० जसेच्या तसे राहतात. मग इंजिनाचा साठ टक्क्यांहून जास्त जोर वाऱ्यापायीच खर्च होतो आणि बचत सहा टक्क्यांवर जाते. न्हावाशेवा बंदरात माल उतरवून रिकामा कंटेनर घेऊन परत जाणाऱ्या मालकाला ही गोष्ट कळायला हवी, कारण रिकाम्या फेरीचं भाडं कमी आणि वाऱ्याचं बिल मात्र पूर्ण. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. तो ७०१ किलोमीटरचा. लिटरला सव्वातीन किलोमीटर धरले तर सुमारे २१५ लिटर डिझेल लागतं. इगतपुरीकडचा डोंगर सोडून बाकी रस्ता एकसारख्या वेगात काढला तर चार टक्क्यांच्या हिशेबानं एका फेरीत सात-आठ लिटर वाचतील. डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास धरलं, तर सहा-सातशे रुपये. नागपूर-भिवंडी धावणाऱ्याला हे पैसे लवकर वसूल होतील. खोपोली-चाकण-खोपोली करणाऱ्याची वसुली होईपर्यंत फायबरला तडे जातील.

मी जे दहा टक्के धरले, तेही नुसत्या अंदाजावर सोडायला नकोत. इथेच आपल्या खात्याचं काम सुरू होतं. अमेरिकेच्या ‘नासा’नं १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात एका व्हॅनला अ‍ॅल्युमिनियमचे सपाट पत्रे मारून तिचं चौकोनी खोकं केलं आणि मग कोपरे टप्प्याटप्प्यानं गोल करत वाऱ्याचा विरोध मोजला. पुढचे-मागचे उभे कोपरे गोल केल्यावर विरोध ४० टक्क्यांनी उतरला, आतली जागा कमी झाली फक्त १.३ टक्के. आडव्या कडाही गोल केल्यावर ५४ टक्के उतरला. माझ्यासारख्या पत्रेकामगारासाठी यात मोठा धडा आहे. बाहेरून विकत आणून चिकटवायच्या वस्तूपेक्षा बॉडी बांधतानाच कोपऱ्याला दिलेली गोलाई जास्त कमाई करते. आपल्याकडे हौद्याचे आणि बंद बॉडीचे कोपरे अजूनही अँगल मारून काटकोनात बांधले जातात, कारण तसं बांधणं स्वस्त आणि सवयीचं आहे.

पुढे २००४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं ‘स्मार्टवे’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात साइड स्कर्ट, म्हणजे ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना चाकांमधली जागा झाकणारा पत्रा, अशा साधनांची चाचणी होते आणि किमान किती टक्के इंधन वाचतं, त्यानुसार त्यांची प्रतवारी लावली जाते. चार टक्के, पाच टक्के, काही साधनं एकत्र बसवली तर नऊ टक्के. युरोपनंही २०१५ मध्ये लांबीच्या नियमात सवलत देऊन ट्रेलरच्या मागे वारा निमुळता करणारे पंख बसवायला वाट मोकळी केली. पण हे आकडे जसेच्या तसे इथे आणता येत नाहीत. अमेरिकेतले ट्रक ताशी शंभरच्या घरात तासन्‌तास धावतात. आपल्याकडे मालवाहू गाडीला ८० चा वेगमर्यादक आहे, आणि बऱ्याच रस्त्यांवर प्रत्यक्ष सरासरी वेग त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. विकणारे तिकडचा टक्का दाखवतात आणि तिकडचा वेग सांगत नाहीत.

आपल्याकडचा मापदंडही इथे अपुरा पडतो. केंद्रानं २०१७ मध्ये १२ टन आणि त्यावरच्या वाहनांसाठी इंधनवापराच्या मर्यादा जाहीर केल्या, तेव्हा ट्रकची चाचणी ताशी ४० आणि ६० या स्थिर वेगाला घ्यायचं ठरलं. माझ्या ४० टनी ट्रकच्या हिशेबात डिफ्लेक्टरची बचत ४० ला दीड टक्का, ६० ला पावणेतीन टक्के आणि ८० ला चार टक्के निघते. चाचणी ज्या वेगाला होते, तिथे वाऱ्याचा वाटा लहान दिसतो, म्हणून कारखान्यांनाही बॉडीच्या आकाराकडे बघायची घाई नाही. नियम केंद्राचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण समृद्धीसारखा रस्ता आपल्या राज्यात आहे, आणि पुण्यात एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था १९६६ पासून उभी आहे. राज्यानं तिच्याकडून ८० च्या वेगाची चाचणी करून घ्यायला कुणाची आडकाठी असायचं कारण दिसत नाही.

चाचणी कशी घ्यावी, याबद्दल आग्रहानं लिहितो, कारण सगळी फसवणूक इथेच होते. डिफ्लेक्टर बसवण्याआधीच्या फेरीचं अ‍ॅव्हरेज आणि नंतरच्या फेरीचं अ‍ॅव्हरेज यांची तुलना काहीही सिद्ध करत नाही. मधल्या काळात वारा फिरतो, बोजा बदलतो, ड्रायव्हर बदलतो, टायरमधली हवा बदलते. यातलं प्रत्येक कारण एकटं चार टक्क्यांपेक्षा मोठा फरक पाडू शकतं. शिवाय नवी वस्तू बसवली की ड्रायव्हर आपोआप जपून चालवतो आणि श्रेय फायबरला जातं. खरी चाचणी म्हणजे सारख्या बनावटीच्या, सारख्या बोज्याच्या दोन गाड्या, एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, थोड्या अंतरानं सोडायच्या. एका गाडीला हात लावायचा नाही. दुसरीवर आधी काही न बसवता आणि मग साधन बसवून फेऱ्या करायच्या, आणि दर वेळी डिझेल वजन करून मोजायचं. न बदललेली गाडी त्या दिवसाचा वारा आणि उष्मा सांगते, उरलेला फरक साधनाचा. ही चाचणी बंद बॉडी, कंटेनर, ताडपत्रीचा हौदा, टँकर आणि उघडा ट्रेलर या सगळ्यांवर वेगवेगळी व्हायला हवी.

वेगवेगळी का, तेही सांगतो. टपावरचा डिफ्लेक्टर वाऱ्याला मागच्या उंच खोक्यावरून ढकलतो. मागे खोकंच नसेल तर? आमच्या भागातून स्टीलची कॉइल वाहणारे उघडे ट्रेलर सतत जातात. त्यांच्या घोड्यावर, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीवर, उंच डिफ्लेक्टर बसवणं म्हणजे जिथे अडथळा नव्हता तिथे भिंत उभी करणं. त्यात डिझेल जास्त जळतं. तरीही असे ट्रेलर मी रस्त्यावर पाहतो, कारण डिफ्लेक्टर लावलेली गाडी नवी आणि रुबाबदार दिसते. ताडपत्रीच्या हौद्यावर आधी ताडपत्री ताणून बांधावी, फडफडणारी टोकं आवळावी, टपावरच्या कॅरियरमधला पसारा काढावा, टायरमध्ये हवा नीट भरावी. याला खर्च जवळपास नाही. मी गिऱ्हाइकाला हे आधी सांगतो, विकणारा सांगत नाही.

आता स्थिरता. स्पॉयलर गाडीला रस्त्यावर दाबून धरतो, असं सांगून तो विकला जातो. शर्यतीच्या मोटारीला ते लागू आहे. ट्रकवर दीड चौरस मीटरचा पंख बसवला आणि त्यानं मनापासून काम केलं असं धरलं, तरी ताशी ८० ला तो खाली दाबेल ४५ किलोच्या जोरानं. ४० टनांच्या गाडीवर ४५ किलो! क्लीनरही त्याहून वजनदार असतो.

ट्रक उलटतो तो वळणातल्या वेगामुळे, उंचावर भरलेल्या बोज्यामुळे, सरकणाऱ्या मालामुळे आणि टँकरमध्ये हिंदकळणाऱ्या द्रवामुळे. साठ मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० नं घेतलं तर गाडीला बाहेर फेकणारा जोर तिच्या वजनाच्या एकवीस टक्के असतो. तेच वळण ६० नं घेतलं तर सत्तेचाळीस टक्के. उंच भरलेला ट्रक पस्तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपासच चाकं उचलतो. वीस किलोमीटरच्या फरकात गाडी सुखरूप असण्याची आणि आडवी होण्याची रेघ ओलांडली जाते, आणि जगातला कुठलाही फायबरचा तुकडा ती रेघ हलवू शकत नाही.

आडव्या वाऱ्याची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे, आणि तिथे विकणाऱ्यांचं म्हणणं मी पूर्ण खोडत नाही. चाळीस फुटी कंटेनरची एक बाजू जवळजवळ ३२ चौरस मीटरची. पावसाळ्यात घाटमाथ्यावर ताशी ६० चा झोत आडवा आला तर त्या बाजूवर सुमारे अर्ध्या टनाचा रेटा बसतो. भरलेल्या गाडीला तो जाणवतो, रिकाम्या कंटेनरला मात्र लेनमधून ढकलू शकतो. घोडा आणि ट्रेलर यांच्यामधली मोकळी फट झाकली तर आडव्या वाऱ्यात तिथे होणारी घुसळण कमी होते, याचा डिझेलला फायदा आहे. पण साइड स्कर्टमुळे वाऱ्याला अडवणारी बाजू वाढते. पुढचे कोपरे गोल केले तर समोरचा विरोध घटतो, पण आडव्या वाऱ्यात गाडीचं नाक वळवणारा जोर वाढू शकतो. म्हणजे एकाच बदलाला दोन तोंडं आहेत. डिझेलसाठी चांगलं ते स्थिरतेसाठीही चांगलंच असेल, असं गृहीत धरता येत नाही. म्हणून माझी मागणी अशी, की मोजलेल्या चाचणीशिवाय ‘गाडी स्थिर राहते’ असा दावा करून कुणालाही हे साधन विकता येऊ नये.

हा दावा जिवावर का बेततो, ते घाटाच्या उतारावर बघा. तोच ४० टनी ट्रक, तोच पाच टक्के उतार, ताशी ४० चा वेग. २००० किलोचा जोर गाडीला खाली ओढतोय. त्यातले २८० टायर रोखतात, ४८ वारा रोखतो. उरलेले जवळपास १६७० किलो ब्रेकनं आणि इंजिनानं धरायचे. अश्वशक्तीत सांगायचं तर सव्वादोनशेहून जास्त अश्वशक्ती उष्णतेच्या रूपात ब्रेक आणि इंजिनातून बाहेर पडायला हवी, अख्खा घाट उतरेपर्यंत. गाडी योग्य गिअरमध्ये असेल तर इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक त्यातला मोठा वाटा उचलतात. न्यूट्रल मारून उतरवली तर सगळा भार लायनरवर येतो, लायनर तापतात, धुरकट वास येतो आणि मग पाय पॅडलवर दाबला तरी गाडी थांबत नाही.

न्यूट्रल का मारतात? डिझेल वाचवायला. अ‍ॅव्हरेजवर बक्षीस आणि अ‍ॅव्हरेजवरच कापाकापी, अशा पद्धतीनं जिथे पगार होतो, तिथे ड्रायव्हर बिचारा हेच करणार. आणि यात वाचत काहीच नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असताना अ‍ॅक्सलरेटर सोडला की इंधनाचा फवाराच बंद होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रलनं डिझेलही जातं आणि ब्रेकही जातो. त्यात कुणी ड्रायव्हरला सांगितलं, की टपावर बसवलेल्या वस्तूमुळे गाडी घाटात चिकटून चालते, तर तो चार किलोमीटर वेग जास्तच ठेवेल.

२६ जुलै २०२५ ला खोपोलीजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर वीसच्या आसपास गाड्यांवर आदळला. एका महिलेचा जीव गेला. १३ जून २०२३ ला खंडाळ्याजवळ कुणे गावाच्या पुलावर टँकर उलटून पेटला, आग खालच्या रस्त्यावर ओतली गेली आणि चार माणसं गेली. वर आग लागली तर खाली चालणारा सुरक्षित नाही, हे आम्ही घाटाखालचे लोक त्या दिवसापासून विसरलेलो नाही.

घाटातल्या रेल्वेकडे बघून मला नेहमी वाटतं, की उताराचं शहाणपण आमच्या डोंगरात फार जुनं आहे. कर्जतहून लोणावळ्याला चढणारी ही वाट १८६३ मध्ये सुरू झाली. चढ ३७ ला १. पळसदरी, जांब्रुंग, ठाकुरवाडी, मंकी हिल ही तिच्यावरची ठिकाणं. चढताना मागे जोडलेली बँकर इंजिनं, उतरताना बांधून दिलेला वेग, ब्रेकची तपासणी आणि सुटलेली गाडी वळवून थांबवण्यासाठी कॅच साइडिंग. इंजिनाचं नाक कसं आहे, यावर त्या व्यवस्थेनं कधी भिस्त ठेवली नाही. तिनं धरून ठेवली ती वेग आणि ब्रेक या दोन गोष्टींची शिस्त. रेल्वेचा चढ १०० मीटरला पावणेतीन मीटरच्याही आत आहे, आणि तरीही इतकी काळजी.

एका साधनाची बाजू मात्र मी मनापासून घेतो. साइड स्कर्ट. ट्रकच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत माणूस किंवा दुचाकी आत जाऊ नये म्हणून आडवं संरक्षण असलं पाहिजे, असा नियम आधीपासून आहे. प्रत्यक्षात काय असतं? दोन पट्ट्या, एक वाकलेली, एक तारेनं बांधलेली. पासिंगच्या दिवशी लावायची आणि नंतर स्टेपनी काढायला अडचण होते म्हणून उतरवायची, असंही चालतं. आमच्या वाड्यांमधल्या बायका उन्हाळ्यात करवंदं-जांभळं आणि पावसाळ्यात रानभाज्या घेऊन जुन्या महामार्गाच्या कडेला बसतात, टोपल्या डोक्यावर घेऊन त्याच कडेनं चालतात. हातभर अंतरावरून ट्रक गेला की त्याच्या नाकानं ढकललेली हवा आधी बाहेर फेकते आणि लगेच मागची पोकळी आत ओढते. मुलांचा हात घट्ट धरावा लागतो. पट्ट्यांऐवजी सलग, मजबूत, बिजागरीवर उघडणारा पत्रा लावला तर तोच पत्रा माणसाला चाकाखाली जाण्यापासून वाचवेल, पावसात चाकांचा फवारा काही प्रमाणात आत ठेवेल आणि सपाटीवर थोडं डिझेलही वाचवेल. बचत एक-दोन टक्के निघाली तरी हा खर्च सार्थ आहे, कारण त्याचं पहिलं काम डिझेलचं नाहीच.

पण हे करायला कारागीर घाबरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालतं, आणि ते असलंच पाहिजे. मात्र कशाला फेरफार म्हणायचं, हे तपासणाऱ्या माणसागणिक बदलतं. मी बसवलेला सलग पत्रा एका कार्यालयात विनातक्रार पास झाला, दुसरीकडे तोच काढायला लावला. उलट नंबर प्लेट आणि दिवे झाकणारे, खिळखिळे फायबरचे साज सर्रास फिरतात. अशा साजाचा एखादा तुकडा ८० च्या वेगात निखळून मागच्या मोटारसायकलवाल्यावर पडला तर काय होईल, हे वेगळं लिहायला नको.

म्हणून आपल्या सहीनं एक परिपत्रक निघावं. रुंदीची २.६ मीटरची मर्यादा, दिवे, आरसे, परावर्तक पट्ट्या मोकळ्या राहणं, साधनाचा पत्रा किती जाड, बोल्ट किती आणि कुठे, हे सगळं चित्रासह त्यात असावं. बाजूचं संरक्षण सलग पत्र्याचं असेल तर ते मान्य, हे स्पष्ट लिहावं आणि पासिंगनंतर ते उतरवलेलं आढळलं तर मालकाला जबाबदार धरावं. चाचणीचे आकडे बॉडीच्या प्रकारानुसार आणि वेगानुसार छापावेत, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे. आणि परवाना नूतनीकरणाला येणाऱ्या प्रत्येक अवजड वाहनचालकाला उतारावरच्या न्यूट्रलचा हिशेब, वर मांडलाय तसा किलोत, समजावून द्यावा.

चाचणीसाठी गाड्या कुठून आणायच्या, असा प्रश्न पडला तर खालापूर-कर्जत भागातले छोटे मालक सारख्या दोन गाड्या द्यायला पुढे येतील, असं मला त्यांच्याशी बोलून वाटतं. फेऱ्यांचं डिझेल आणि बुडालेलं भाडं खात्यानं द्यावं, इतकंच त्यांचं म्हणणं आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि वारा सुटल्यावर एकदा, अशा दोन वेळा मोजणी झाली तर आडव्या वाऱ्याचाही निकाल लागेल. पत्रे कापून बसवायचं काम माझ्याकडे द्या. त्याची मजुरी मी घेणार नाही.

आपला विश्वासू,
बॉडी-काम करणारा एक कारागीर
ठाकुरवाडी, कर्जत-खालापूर परिसर, जि. रायगड